जैव वायू शुद्धीकरण : प्रतिमाने व नियंत्रण

शेण, मैला, शेतातील काडीकचरा, फळांचा चोथा यांसारखे सेंद्रिय पदार्थ हवाबंद जागेत सूक्ष्मजंतूंकडून कुजविले जात असताना जे ज्वलनशील वायुमिश्रण मिळते त्यास जैव वायू म्हणतात. महाराष्ट्रात तो गोबर गॅस या नावाने अधिक परिचित आहे. त्यात घनफळाने सु. ५० ते ६५% मिथेन व ३० ते ४५% कार्बन डाय-ऑक्साइड असून हायड्रोजन सल्फाइड, पाण्याची वाफ, अमोनिया हे घटक अल्प प्रमाणात असतात. मिथेनाखेरीज इतर घटक काढून टाकल्यावर उरणाऱ्या, ९०% वा त्याहून अधिक मिथेन असलेल्या वायूस जैव मिथेन असे म्हणतात. तो गुणधर्मांनी नैसर्गिक वायूसारखाच असल्याने सिलिंडरात दाबून भरता येतो, वाहनांत वापरता येतो व नैसर्गिक वायूच्या नळांतही सोडता येतो.

शुद्धीकरणाची गरज वजनाच्या हिशेबावरून चटकन ध्यानात येते. ६०% मिथेन व ४०% कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या १ घ. मी. जैव वायूत मिथेन सु. ०·४३ किग्रॅ., तर कार्बन डाय-ऑक्साइड सु. ०·७९ किग्रॅ. असतो. म्हणजे असा वायू जसाच्या तसा सिलिंडरात भरल्यास वाहून न्यावयाच्या वजनापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वजन न जळणाऱ्या वायूचे असते. शुद्ध मिथेनाच्या १ घ. मी. मधून सु. ८,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. वरील मिश्रणातून सु. ५,१०० किलोकॅलरीच मिळते. स्वयंपाकघरातील शेगडीला हे चालते, कारण वायू शेजारच्या गोठ्यातून येतो. तो गावाबाहेर न्यावयाचा झाला की चालत नाही.

वायू निर्माण करणे ही शंभर वर्षांहून अधिक काळ अवगत असलेली गोष्ट आहे. कच्चा माल, ऋतू व पाण्याचे तापमान बदलत असताना शुद्ध केलेला वायू रोज एकाच प्रतीचा ठेवणे ही मात्र अद्याप पुरती न सुटलेली अडचण होय. हे काम प्रथम माणसाच्या नजरेवर सोपविलेले होते. पुढे ते गणितीय प्रतिमाने, मापके व स्वयंचलित झडपा यांच्याकडे कसे गेले आणि वऱ्हाडासारख्या उष्ण व पाण्याची वाण असलेल्या प्रदेशात त्याचे स्वरूप कसे बदलते, याचा विचार पुढे केला आहे.

इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा (१७४५–१८२७) यांनी १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या तळाचा गाळ ढवळून वर येणारा ज्वलनशील वायू गोळा केला. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८९५ मध्ये मैलापाण्याच्या टाकीतील वायूवर दिवे लावण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून मिळणारा वायू दिवाबत्तीसाठी वापरण्यात आला. भारतातील जैव वायूच्या वापराचे हे आद्य उदाहरण समजतात. या दोन्ही ठिकाणी वायू हा मैला निचरा करण्याच्या व्यवस्थेतील जोडउत्पादन होता. त्याच्या प्रतीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

शेणापासून वायू मिळविण्याचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास केले. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तयार केलेल्या ‘ग्रामलक्ष्मी’ या संयंत्राने या प्रयोगांना गावात नेण्याजोगे रूप दिले. मुंबईस मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत या धाटणीच्या संयंत्राचा स्वीकार व प्रसार केला. जमिनीत बांधलेली विहिरीसारखी पचनटाकी आणि तिच्यावर उपडी ठेवलेली, वायूच्या प्रमाणात वर-खाली होणारी लोखंडी टाकी अशी याची रचना असते. या तरंगत्या टाकीकडे नियंत्रणाच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे. टाकीचे वजन ठराविक असल्याने आतील वायूचा दाब, साठा कमी असो वा जास्त, जवळजवळ एकसारखा राहतो. वायू किती आहे हे घरातील कोणासही टाकीच्या उंचीवरून कळते. अशा रीतीने एकच लोखंडी भांडे साठवण, दाबनियंत्रक व मापक अशी तिन्ही कामे करते. पुढे १९७८ मध्ये ‘जनता’ व १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ ही स्थिर घुमटाची, लोखंडाविना बांधता येणारी स्वस्त संयंत्रे प्रचारात आली. त्यांत खर्च वाचला, पण दाब बदलता झाला व साठा नजरेआड गेला. वऱ्हाडातील काळ्या रेगूर मातीत आणखी एक अडचण होती. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे घुमटास तडे जाऊन वायू निसटण्याचा धोका राहतो.

देशभर संयंत्रे उभारताना तापमानाचा विचार करावाच लागला. कुजण्याची क्रिया थंडीत मंदावते, म्हणून शेणकाला टाकीत किती दिवस राहावा याचे ३०, ४० व ५५ दिवस असे तीन विभाग हवामानानुसार पाडण्यात आले व त्यावरून टाकीचे आकारमान ठरविण्यात आले. हा विभागवार तक्ता म्हणजे एक ढोबळ प्रतिमानच होते. टाकी एकदा बांधली की ते बदलता येत नसे, एवढाच त्याचा दोष.

केंद्र शासनाची राष्ट्रीय जैव वायू विकास योजना १९८१-८२ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात याच सुमारास देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाशी जोडलेल्या ‘मलप्रभा’ संयंत्राचा प्रसार केला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात स्वयंपाकघरातील कचरा प्रथम ऊन पाणी व हवा यांच्या साहाय्याने एका टाकीत कुजवून मग हवाबंद टाकीत सोडतात. पहिल्या टप्प्यातच बराचसा कार्बन डाय-ऑक्साइड निघून जात असल्याने दुसऱ्या टाकीतील वायूत मिथेनाचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक असते. शुद्धीकरणाचा काही भाग उगमापाशीच उरकण्याचा हा मार्ग आहे.

माटुंग्यातच १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कापूस तंत्रविज्ञान प्रयोगशाळेने १९८० नंतरच्या दशकात गिरण्यांतील कापसाच्या धुळकट टाकाऊ मालापासून, फारसे पाणी न घालता, जैव वायू मिळविण्याची पद्धत बसविली. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाशी प्रत्यक्ष संबंध असलेले हे संशोधन त्या मानाने अपरिचित राहिले आहे.

शुद्धीकरणाच्या पद्धती : हायड्रोजन सल्फाइड हा विषारी व धातू खाणारा वायू प्रथम काढावा लागतो. लहान संयंत्रांत त्यासाठी लोखंडाच्या गंजलेल्या किसाचा थर पुरतो. किस काळा पडला की तो बदलावा किंवा हवेत पसरून पुन्हा गंजू द्यावा लागतो. मोठ्या प्रकल्पांत लोहाच्या लवणाचा विद्राव वापरून सल्फाइडापासून गंधक वेगळे काढतात व विद्रावातील लोह सूक्ष्मजंतूंकरवी पूर्ववत करून घेतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरणीय अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (स्थापना १९५८) अशा रासायनिक व जैव क्रियांची सांगड घालणाऱ्या पद्धतींवर काम झाले आहे.

कार्बन डाय-ऑक्साइड काढण्याच्या प्रमुख पद्धती चार आहेत. अमाइन वर्गातील द्रव्यांत तो शोषून घेण्याच्या पद्धतीचे अमेरिकन एकस्व १९३० मध्ये देण्यात आले. दाब आलटून-पालटून कमीजास्त करून सच्छिद्र कणांच्या पृष्ठावर तो धरून ठेवण्याची पद्धत १९६० च्या आसपास रूढ झाली. बहुवारिकांच्या पोकळ धाग्यांतून वायू गाळणारी पटले १९८० नंतर आली. चौथी व सर्वांत साधी पद्धत म्हणजे वायू दाबाखाली पाण्याने धुणे. या पद्धतीत उंच मनोऱ्यात वरून पाणी व खालून वायू सोडतात. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळतो व मिथेन बहुतांशी वर निघून जातो. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने ग्रामीण भागासाठी हीच पद्धत विकसित केली, कारण तीत परदेशी रसायन वा महागडे पटल लागत नाही.

ही पद्धत इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री (१७७४–१८३६) यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमावर उभी आहे. या नियमानुसार ठराविक तापमानास द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्याच्या दाबाच्या सम प्रमाणात असते. यातील ‘ठराविक तापमानास’ हे शब्द वऱ्हाडाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. एक वातावरण दाबाखाली १ लि. पाण्यात २०° से. ला सु. ०·८८ लि. कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो, ३०° से. ला ०·६७ लि. आणि ४०° से. ला केवळ ०·५३ लि. पुस्तकांतील बहुतेक आकडे युरोपातील थंड पाण्याचे असतात. अमरावती, अकोला येथे मे महिन्यात दुपारचे हवेचे तापमान ४०° से. च्या वर असते आणि उघड्या टाकीतील पाणीही तापते.

हिशेब असा मांडता येतो. मनोऱ्यात दाब १० वातावरण असून वायूत ४०% कार्बन डाय-ऑक्साइड असल्यास १ घ. मी. वायू धुण्यास, समतोल पूर्ण साधला असे मानून, २०° से. च्या पाण्याचे किमान ११४ लि. लागतात, तर ४०° से. च्या पाण्याचे सु. १८९ लि. दररोज ५०० घ. मी. वायू देणाऱ्या मध्यम प्रकल्पात हा फरक रोज सु. ३७,००० लि. पाणी जास्त फिरविण्याइतका होतो. प्रत्यक्षात समतोल पूर्ण साधत नसल्याने दोन्ही आकडे याहून मोठे असतात. पाणी दाब उतरवून व हवा फुंकून पुन्हा वापरता येते, तरी ते पंपाने १० वातावरण दाबास चढविण्याचा खर्च टळत नाही आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने घटही होते. शिवाय पाणी जितके जास्त तितके त्यात विरघळून वाया जाणारे मिथेनही जास्त. वरील स्थितीत ही गळती एकूण मिथेनाच्या सु. ४% च्या घरात जाते. ती थांबविण्यासाठी पाणी मनोऱ्यातून बाहेर पडताच त्याचा दाब अर्धवट उतरवून सुटणारा वायू परत मनोऱ्यात घेणारी एक मधली टाकी ठेवतात. मिथेन हवेत गेल्यास शंभर वर्षांच्या मोजणीत त्याचा तापनपरिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७ ते ३० पट होत असल्याने ही टाकी वगळून केलेली काटकसर महाग पडते.

प्रतिमाने : एखाद्या क्रियेत कोणत्या राशी कशा बदलतात हे समीकरणांच्या रूपाने मांडणे म्हणजे तिचे गणितीय प्रतिमान तयार करणे होय. जैव मिथेनाच्या प्रकल्पात दोन अगदी भिन्न स्वभावांच्या क्रिया एकामागोमाग चालतात व त्यांची प्रतिमानेही भिन्न परंपरांतून आली आहेत.

धुण्याच्या मनोऱ्याचे प्रतिमान भौतिकीय आहे. हेन्री यांचा नियम आणि वायू व द्रव यांच्या सीमेवरील दोन पातळ थरांतून वायू झिरपतो ही १९२० नंतरच्या दशकातील कल्पना एवढ्यावर ते बहुतांशी उभे राहते. पाण्याचे तापमान, दाब व प्रवाह कळले की निघणाऱ्या वायूची प्रत बरीचशी बिनचूक सांगता येते. मनोरा बदलाला काही मिनिटांत प्रतिसाद देतो.

पचनटाकीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात सूक्ष्मजंतूंच्या अनेक जाती साखळीने काम करतात. पहिल्या जाती पिष्ट, तूलीर, प्रथिने, मेद यांचे तुकडे पाडतात. दुसऱ्या त्यांपासून अम्ले तयार करतात. शेवटच्या जाती अम्लांचे किंवा हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिथेनात रूपांतर करतात. अमेरिकेतील इलिनॉय येथे आर्थर बसवेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या सहकाऱ्यांबरोबर पदार्थाच्या मूलद्रव्यीय घटनेवरून किती मिथेन व किती कार्बन डाय-ऑक्साइड मिळेल याचे सूत्र बसविले. पिष्टमय पदार्थांपासून दोन्ही वायू निम्मेनिम्मे, तर मेदापासून मिथेन सु. ७०% मिळते, हे त्यावरून कळते. पण हे सूत्र अखेरचा जमाखर्च सांगते, वेग सांगत नाही. वेगाचा प्रश्न फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो (१९१०–७६) यांनी १९४० नंतरच्या दशकात मांडलेल्या वाढीच्या समीकरणाने हाती आला. त्यांच्या मते अन्न वाढत जाईल तसा सूक्ष्मजंतूंच्या वाढीचा वेग वाढतो, पण एका मर्यादेशी जाऊन थबकतो. अमेरिकन अभियंते जे. एफ. अँड्रूज यांनी १९६८ मध्ये त्यात आवश्यक दुरुस्ती केली. मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे अन्न जे अम्ल, तेच फार साचले की त्यांस मारक ठरते, ही गोष्ट त्यांनी समीकरणात आणली.

या दुरुस्तीचा अर्थ दूरगामी होता. तिच्यावरून असे दिसले की, एकाच टाकीच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात : एक निरोगी व एक आंबलेली. निरोगी टाकीला थोडे जास्त खाद्य मिळाले तर ती सावरते. एका मर्यादेपलीकडे मिळाले तर अम्ल साचते, मिथेनकारी सूक्ष्मजंतू मंदावतात, त्यामुळे अम्ल आणखी साचते व टाकी बसते. सावरण्यास कित्येक आठवडे लागतात. शेणावर चालणारी टाकी या बाबतीत सोशिक असते. संत्र्याचा चोथा, भाजीपाला किंवा गोड टाकाऊ पदार्थ यांवर चालणारी टाकी एका आठवड्याच्या शेवटी केलेल्या घाईनेही बिघडू शकते. मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात सालीतील सुगंधी तेल हेही मिथेनकारी सूक्ष्मजंतूंना बाधक असते, त्यामुळे तेथील चोथा मोजूनच द्यावा लागतो. पुढे २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय जल संघाच्या एका कृतिगटाने १९ जैवरासायनिक प्रक्रियांचा समावेश असलेले सर्वमान्य प्रतिमान प्रसिद्ध केले व जगभरच्या अभ्यासाला एक समान भाषा मिळाली. मात्र त्यात भरावयाच्या गुणांकांची संख्या इतकी मोठी आहे की, सामान्य प्रकल्पात ते सर्व मोजणे अशक्यच असते. म्हणून रोजच्या नियंत्रणासाठी दोन-तीन प्रक्रियांची आटोपशीर प्रतिमाने वापरणे व त्यांतील गुणांक मोजमापांवरून वेळोवेळी सुधारणे हाच व्यवहार्य मार्ग ठरला आहे.

नियंत्रण : जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८६८ मध्ये वाफेच्या एंजिनाच्या गतिनियंत्रकाचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून पुनःप्रदायाचे शास्त्र आकारास आले. इष्ट मूल्य व प्रत्यक्ष मूल्य यांतील फरक, त्या फरकाची साचत गेलेली बेरीज व त्याच्या बदलाचा वेग या तिन्हींवरून झडप किती उघडावी हे ठरविणारा नियंत्रक निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या सुकाणूसाठी मांडला. आजही बहुतेक कारखान्यांत तोच आहे. प्रतिमानाच्या आधारे पुढील काही तासांचे भाकित करून त्यानुसार आत्ताची कृती निवडणारी पद्धत १९७० नंतरच्या दशकात खनिज तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांत संगणकाच्या मदतीने सुरू झाली.

जैव मिथेनाच्या प्रकल्पात मिनोर्स्की पद्धतीचा नियंत्रक मनोऱ्यावर सहज बसतो. अवरक्त किरणांवर चालणारा मापक निघणाऱ्या वायूतील मिथेन मोजतो. प्रमाण उतरले की पाण्याचा प्रवाह वाढतो. येथेच एक फसगत दडलेली आहे व ती अनुभवी चालकांच्याही उशिराच लक्षात येते. पचनटाकी आंबू लागली की, अम्ल मोजण्याची सोय नसल्यास, पहिली खूण म्हणजे कच्च्या वायूत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढणे. पण मनोऱ्याचा नियंत्रक आपले काम चोख करतो, अधिक पाणी फिरवितो, आणि बाहेर पडणारा वायू नेहमीसारखाच ९०% च्या वर राहतो. फलकावरचा आकडा ठीक दिसतो व टाकी आतून बसत जाते. पंपाची मर्यादा गाठली जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, आणि तोवर टाकी वाचविण्याची वेळ निघून गेलेली असते. नियंत्रक जितका कुशल, तितका हा आजार अधिक काळ झाकला जातो. जुन्या गोबर गॅसमध्ये असे होत नसे. शेगडीची ज्योत मंदावली की घरधनिणीला त्याच दिवशी कळे.

यावरील उपाय म्हणजे दोन्ही क्रियांचे प्रतिमान एकत्र चालविणे. पाण्याचे तापमान व प्रवाह ठाऊक असल्यास मनोऱ्याच्या समीकरणांवरून कच्च्या वायूत किती कार्बन डाय-ऑक्साइड असला पाहिजे हे उलट काढता येते. अशा रीतीने मनोरा हाच टाकीच्या प्रकृतीचा मापक बनतो. पाण्याची वाढलेली गरज उन्हाळ्यामुळे आहे की टाकीच्या बिघाडामुळे, हे तापमान हिशेबात धरल्याखेरीज सांगता येत नाही. वऱ्हाडात मार्च ते जून या काळात दोन्ही कारणे एकाच वेळी संभवतात, म्हणून तेथे तापमानाविना चालणारे नियंत्रण अपुरे पडते. टाकीतील अम्ल व अम्ल पचविण्याची क्षमता यांचे गुणोत्तर साध्या अनुमापनाने काढता येते. ते ०·३ च्या आत असेतो टाकी निर्धोक समजतात. आठवड्यातून दोनदा काचेच्या नळीने केलेली ही मोजणी महागड्या मापकांच्या रांगेपेक्षा अनेकदा अधिक उपयोगी पडते.

जैव मिथेनीकरण : कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकण्याऐवजी त्याचेच मिथेन करण्याची कल्पनाही जुनी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये (१८५४–१९४१) यांनी १९०२ मध्ये निकेल या उत्प्रेरकावर हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून मिथेन मिळविले. काही सूक्ष्मजंतू हेच काम साध्या तापमानास करतात, हे डच शास्त्रज्ञ एन. एल. झ्योनगेन यांनी १९०६ मध्ये दाखविले. चार भाग हायड्रोजन व एक भाग कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून एक भाग मिथेन व पाणी मिळते. या क्रियेसाठी कधी पचनटाकीतच हायड्रोजन सोडतात, कधी सूक्ष्मजंतूंचा थर चढविलेल्या कणांनी भरलेला वेगळा विक्रियक वापरतात.

अशा विक्रियकाचे नियंत्रण नाजूक असते. हायड्रोजन पाण्यात अत्यल्प विरघळतो, २०° से. ला १ लि. पाण्यात अवघा ०·०१८ लि. त्यामुळे सूक्ष्मजंतूंची भूक नव्हे, तर हायड्रोजन त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा वेग क्रियेला मर्यादा घालतो. पचनटाकीतच तो सोडल्यास कार्बन डाय-ऑक्साइड खर्ची पडून द्रव अल्कधर्मी होतो व तो फार अल्कधर्मी झाल्यास सूक्ष्मजंतू मंदावतात. हायड्रोजन साचला तर अम्ले पचविणारी मधली साखळी अडते. वऱ्हाडात सौर विजेपासून हायड्रोजन मिळविता येईल, पण तो दिवसाच मिळेल, म्हणून विक्रियकाला रोज उपास व पारणे करावे लागेल. खर्चाचाही प्रश्न आहे. वर घेतलेल्या १ घ. मी. जैव वायूतील कार्बन डाय-ऑक्साइडासाठी १·६ घ. मी. हायड्रोजन लागतो, पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने तो मिळविण्यास सु. ७ ते ८ युनिट वीज खर्ची पडते, तर वाढीव मिथेनाची उष्णता सु. ४ युनिट विजेएवढीच भरते. वीज अन्यथा वाया जाणार असेल तरच हा व्यवहार परवडणारा आहे. पाण्याच्या दृष्टीने मात्र तो काटकसरीचा आहे. क्रियेत बनणारे पाणी परत वापरल्यास निव्वळ खर्च १ घ. मी. वायूमागे एका लिटरहूनही कमी येतो.

महाराष्ट्र व वऱ्हाड : नाशिक जिल्ह्यातील तळवाडे येथे दररोज ५०० घ. मी. क्षमतेचा प्रकल्प मार्च २०११ मध्ये सुरू झाला. जैव वायू शुद्ध करून सिलिंडरात भरण्यास नागपूरस्थित पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना मिळालेला देशातील हा पहिला प्रकल्प होय. जैव मिथेनासाठी भारतीय मानक २०१३ मध्ये ठरले व २०१६ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार मिथेन किमान ९०%, कार्बन डाय-ऑक्साइड कमाल ४% आणि एकूण गंधक प्रति घ. मी. २० मिग्रॅ. च्या आत असावे लागते. ही मर्यादा ठरल्यावर चालकाच्या अंदाजावर प्रकल्प चालविणे अशक्य झाले.

केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी संपीडित जैव वायूची योजना जाहीर करून २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले. मुदत उलटली तेव्हा चालू प्रकल्पांची संख्या या उद्दिष्टाच्या अल्पांशाइतकीच होती. भांडवल, खताची विक्री व कच्च्या मालाचा पुरवठा ही कारणे नेहमी सांगितली जातात. शुद्धीकरण व नियंत्रण यांचा खर्च लहान प्रकल्पावर तुलनेने फार जड पडतो, हे कारण कमी सांगितले जाते. मापक व नियंत्रक यांची किंमत प्रकल्प दहापट लहान झाला म्हणून दहापट कमी होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा परिसरासारख्या साखरपट्ट्यात कारखान्याचा प्रेसमड एकाच जागी, एकाच प्रतीचा व मुबलक मिळतो, त्यामुळे तेथे मोठे प्रकल्प उभे राहू शकतात.

वऱ्हाडात तशी सोय नाही. येथील शेतात मुख्यतः पऱ्हाटी, तुराट्या व सोयाबीनचे कुटार उरते. कापसाच्या पऱ्हाटीत लाकडाप्रमाणे लिग्निनाचे प्रमाण मोठे असल्याने ती बारीक करून, क्षार वा वाफ यांनी मऊ केल्याशिवाय कुजत नाही. बहुतेक ठिकाणी ती चुलीत जाते किंवा बांधावर जाळली जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग असून अशा टाकाऊ पदार्थांच्या उपयोगाचा अभ्यास तेथे होतो.

अमरावती शहरापासून नागपूर रस्त्यावर काही किलोमीटर अंतरावर असलेले नांदगाव पेठ हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे या प्रदेशाच्या अडचणींचे प्रातिनिधिक स्थळ ठरले आहे. येथे १,३५० मेवॉ. क्षमतेचे औष्णिक विद्युत् केंद्र उभारताना मोर्शीनजीकच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे सिंचनासाठी राखलेले पाणी उद्योगाला द्यावे की नाही, यावर २०१० च्या सुमारास मोठा वाद झाला. वस्त्रोद्योगाच्या महाउद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाल्याने पाण्याची मागणी वाढतच जाणार आहे. कापसाचा टाकाऊ माल, वायूचे गिऱ्हाईक व महामार्ग या तीन गोष्टी येथे जवळजवळ आहेत. पाणी मात्र वादाचे आहे. अशा ठिकाणी पाण्याच्या मनोऱ्याची निवड करताना उन्हाळ्यातील आकडे धरून आराखडा केला पाहिजे. फिरणारे पाणी जमिनीखालील टाकीत ठेवणे, दुपारऐवजी रात्री व पहाटे वायू धुणे आणि दिवसाचा कच्चा वायू मधल्या फुग्यात साठविणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. पाण्याचे तापमान १०° से. ने उतरले तरी धुण्याच्या पाण्यात सु. एक-पंचमांश बचत होते. पटलांच्या पद्धतीस पाणी लागत नाही, पण पटले आयात करावी लागतात व उष्ण वायूत त्यांची निवडक्षमता घटते.

नैसर्गिक वायूच्या पुरवठ्यात जैव मिथेन मिसळण्याचे बंधन २०२५-२६ मध्ये १% पासून सुरू होऊन २०२८-२९ पासून ५% करावयाचे आहे. वऱ्हाडात पऱ्हाटी उपटण्याचा हंगाम थंडीच्या अखेरीस येतो, संत्र्याचा मृग बहारही त्याच सुमारास बाजारात असतो, आणि पुढे जूनपर्यंत टाकीला साठविलेल्या कोरड्या मालावर व शेणावर राहावे लागते. म्हणजे पाणी सर्वांत गरम असते त्याच महिन्यांत टाकीचे खाद्यही बदलते. येथे वापरावयाच्या प्रतिमानातील गुणांक वर्षातून किमान दोनदा, खाद्य पालटताना, नव्याने बसवावे लागतात.